माहेर : जात्यापासून रुपेरी पडद्यापर्यंत

राग, लोभ, भय, शोक या भावना माणसाला जन्मतःच मिळतात, त्या शिकाव्या लागत नाहीत, असे आपण सहज म्हणून जातो. तान्ह्या मुलाला रडायला कोणी शिकवीत नाही, हे खरेच आहे. परंतु कशासाठी रडायचे, कोणापुढे रडायचे, कोणत्या महिन्यात डोळे भरून यायचे आणि भरून आलेले डोळे कोणत्या शब्दांनी पुसायचे, हे ज्याला त्याला आपापल्या समाजाकडून शिकावे लागते. हे शिक्षण शाळेत मिळत नाही; ते गाण्यांतून मिळते. काव्य, संगीत आणि चित्रपट यांचा भावनेशी आणि संस्कृतीशी संबंध काय, हा प्रश्न एवढा विस्तीर्ण आहे, की तो सबंध एका लेखात कोंबायचा म्हटले तर मोठमोठ्या विधानांपलीकडे हाती काही लागायचे नाही. म्हणून आम्ही एकच भावना निवडली आहे. रसशास्त्रात तिला नाव नाही. मराठी घरांत मात्र तिचे नाव दिवसातून एकदा तरी उच्चारले जाते. ते नाव म्हणजे माहेर.

माहेर हे वस्तुतः एका ठिकाणाचे नाव. ‘मातृगृह’ हा संस्कृत शब्द प्राकृतातून झिजत झिजत मराठीत आला आणि त्याचे माहेर झाले. ‘श्वशुरगृहा’चे सासर झाले, तसेच. परंतु या ठिकाणाचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. ज्या घरात मुलगी जन्मली आणि वाढली, त्या घराला ती तेथे राहत असेतो कोणी तिचे माहेर म्हणत नाही. लग्न होऊन तिने उंबरठा ओलांडला, की त्याच क्षणी ते घर तिचे माहेर होते. सुटल्यावाचून जे मिळत नाही, असे हे ठिकाण! पुरुषाला ते नाही, कुमारिकेला नाही. आणि ज्यांना आहे त्यांनाही ते कायमचे नाही. आई गेली की माहेर संपले, असे बायका म्हणतात. तेव्हा घर, परसू, विहीर हे सर्व जागच्या जागीच असते. मग संपले ते काय?

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात ८ स्थायी भाव, ३३ व्यभिचारी भाव आणि ८ सात्त्विक भाव असे एकूण ४९ भाव मोजून ठेवले आहेत. त्या यादीत माहेराची ओढ कोठे बसवावी? शोक म्हणावा, तर कोणी मेलेले नाही आणि भेटीची आशा अजून शिल्लक आहे. रती म्हणावी, तर तिचा प्रांत निराळा. व्यभिचारी भावांत शोधू गेले तर स्मृती सापडते, औत्सुक्य सापडते, चिंता आणि दैन्य सापडते आणि गंमत अशी, की गर्वही सापडतो. कारण माहेरची आठवण काढणारी स्त्री माहेरचा तोराही मिरवीत असते. या चारपाच धाग्यांचा पीळ म्हणजे माहेर. हा पीळ निसर्गाने घातलेला नाही. मुलीने घर सोडून जावे आणि मुलाने राहावे, या समाजाच्या नियमाने तो घातलेला आहे.

नियम निराळा असेल तर भावनेचा रंगही निराळा होतो. इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या ग्रंथात उत्तरेची आणि दक्षिणेची तुलना केली आहे. उत्तरेत मुलगी परगावी, परक्या कुळात दिली जाते. दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी ती आपल्या नात्यातल्याच घरी जाते आणि सासर हे तिला लहानपणापासून ठाऊक असलेले घर असते. साहजिकच उत्तरेतल्या मुलीचा वियोग अधिक तीव्र. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये आहे. येथे मामाची मुलगी करण्याची चाल अनेक जातींत आहे आणि तरीही येथल्या ओव्या सासुरवासाने भरलेल्या आहेत. आत्या एकदा सासू झाली की ती आत्या राहत नाही, हे कोणतीही आजी सांगेल. नात्यांच्या नियमावरून सगळेच उलगडते असे नव्हे, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

मुलीच्या पाठवणीचे संस्कृत साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध चित्र कालिदासाच्या शाकुंतलातील चौथ्या अंकात आहे. शकुंतला निघाली आहे. झाडे, वेली, हरणाचे पाडस सर्वांनाच ते जड जाते आहे. आणि कण्वमुनी स्वतःशीच नवल करीत आहेत, की आपण रानात राहणारे विरक्त, आपली ही अवस्था, तर संसारी बापांचे काय होत असेल? हा प्रसंग अपूर्व आहे यात शंका नाही. परंतु तो कोणाच्या डोळ्यांनी पाहिला आहे? निरोप देणाऱ्या बापाच्या. मुलगी निघून गेली, की कण्वाला हलके वाटते. परक्याची ठेव परत केल्याचे समाधान त्याला मिळते. शकुंतलेचे पुढे जे व्हायचे ते होतेच, पण सासरच्या दारी उभी राहिल्यावर या आश्रमाची आठवण तिला कशी येत असेल, त्यासाठी कालिदासाने वेगळा अंक लिहिलेला नाही. पंडितांच्या काव्याला पाठवणी ठाऊक आहे. पाठवणीच्या दुसऱ्या दिवसापासून पुढची चाळीस वर्षे ज्या काव्याला ठाऊक आहेत, ते काव्य जात्यावर झाले.

ओवी किती जुनी? चालुक्य राजा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे ज्ञानेश्वरी (१२९०) लिहिली जाण्यापूर्वी दीडशेहून अधिक वर्षे ओवी बायकांच्या तोंडी होती. ज्ञानदेवांनी ती ग्रंथात नेली. बायकांनी ती घरातच ठेवली.

जात्यावरच्या ओवीचे सगळे सामर्थ्य जात्यात आहे, असे आमचे मत आहे, आणि ते जरा फोड करून सांगतो. वेळ पहाटेची, घर झोपलेले. एक बाई किंवा समोरासमोर दोघी, मध्ये जाते. एका हाताने खुंटा धरायचा, दुसऱ्याने मूठ मूठ धान्य तोंडात वैरायचे. दगडावर दगड फिरतो, त्याची घरघर अखंड चालू असते. गवयाच्या मागे तंबोरा असावा तशी. त्या घरघरीवर चारपाच स्वरांत फिरणारी चाल. ताल तबल्याने दिलेला नाही, हाताच्या फेऱ्याने दिलेला आहे, आणि दमसास जेवढा तेवढीच ओळ. त्यामुळे ओवीत दोनतीन चरणांपलीकडे जाण्याची सोय नाही. एक ओवी संपते, फेरे चालूच राहतात, तेवढ्यात दुसरी सुचते. ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण कोणी अलंकार म्हणून केलेली नाही. तो अनुभव आहे.

आता यातला मर्म असा, की त्या घरघरीने गाणे झाकलेही जाते. दिवसा जे बोलण्याची सोय नाही, ते पहाटे गाता येते. ऐकणारा अर्धवट झोपेत, शब्द अर्धे दगडाखाली. आणि समोर खुंट्याला दुसरा हात कोणाचा असेल? जावेचा, नणंदेचा, कधी कधी प्रत्यक्ष सासूचाच. जिच्याविषयी तक्रार, तिच्याच हाताच्या जोराने जाते फिरते आहे! अशा ठिकाणी उघड बोलता येत नाही. म्हणून ओवी वळसा घेते. ती सासरची निंदा करीत नाही, माहेरची स्तुती करते. भावाच्या बैलजोडीचे वर्णन करते, बापाच्या वाड्याच्या पायऱ्या मोजते, आईच्या हातच्या भाकरीची चव सांगते. मागाहून ऐकणाराला वाटते, या सगळ्या लखपतींच्या लेकी होत्या की काय! तसे नव्हते. ज्या घरी दोन वेळची भ्रांत होती, त्या घरीही ओवीत चिरेबंदी वाडे उभे राहिले. ही खोटी बढाई नव्हे. येथे मला विचारणारे कोणी नाही, हे सांगण्याची ती एक पद्धत आहे.

अशा ओव्या साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये गोळा केल्या, सरोजिनी बाबर आणि दुर्गा भागवत यांनी लोकसाहित्याचा अभ्यास प्रतिष्ठित केला, आणि पुढे पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांतील शेकडो बायकांचे आवाजही ध्वनिमुद्रित आहेत. एका भाषेतल्या निरक्षर बायकांनी एवढे काव्य करून ठेवावे, आणि आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांनी त्यासाठी एखादे प्रकरण, तेही प्रारंभी, राखून ठेवावे, याचे आम्हांला कधी कधी वाईट वाटते.

ओवी एकटीची, पण भोंडल्याचे गाणे सगळ्यांचे. तेथे तीच भावना हसत हसत येते. कारल्याच्या वेलाचे गाणे सर्वांच्या परिचयाचे आहे. सून माहेरी जायला निघाली आहे आणि सासू तिला सांगते, की आधी कारल्याचे बी पेर, मग जा. बी पेरले, आता वेल येऊ दे. वेल आला, फूल येऊ दे. फूल आले, कारले लागू दे. मग भाजी, मग जेवण, मग उष्टे, मग आणखी कोणाला तरी विचार. या गाण्याची रचना पाहा. प्रत्येक कडव्यात एक पायरी वाढते आणि मागच्या साऱ्या विनवणीची पुनरुक्ती होते. गाणे लांबते, कारण जाणे लांबते. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरणाऱ्या परकऱ्या मुलींना यात नुसती मौज वाटते. परवानगी मागणे म्हणजे काय असते, हे मात्र त्या पायांच्या ठेक्यावर शिकून ठेवतात. लग्नाला अजून दहा वर्षे अवकाश असलेल्या मुलीला सासरची भाषा आणि माहेरची ओढ दोन्ही आगाऊ पढविणारी अशी पाठशाळा दुसरी नसेल. खिरापतीच्या आशेने का होईना, विद्यार्थिनींची हजेरीही पूर्ण असे!

येथवरची कथा बायकांची. परंतु महाराष्ट्रात एक असे घडले, की ही भावना पुरुषांनी मागून घेतली. एकनाथांनी (१५३३ ते १५९९) पंढरीला माहेर म्हटले. विठ्ठल बाप, रखुमाई आई, पुंडलीक भाऊ, चंद्रभागा बहीण, असे सारे गोत त्यांनी एका अभंगात उभे केले. तुकोबा एका वर्षी आजारामुळे वारीला जाऊ शकले नाहीत; तेव्हा त्यांनी वारकऱ्यांबरोबर पंढरीला अभंगांतून निरोप धाडले, असे परंपरा सांगते. त्या ‘पत्रिकेच्या अभंगां’तील आर्तता सासरी अडकलेल्या लेकीची आहे. आणि पहिल्यांदा सासरी निघालेली मुलगी मागे वळून वळून पाहते, ही देवापासून दुरावलेल्या जिवाची उपमाही तुकोबांचीच. कण्वाने मुलीला जाताना पाहिले. तुकोबा स्वतः ती मुलगी झाले.

हा फरक लहान नाही. घरात सुनेची ओढ ही तक्रार समजली जात होती. तीच ओढ वारीच्या वाटेवर भक्ती ठरली. ज्या बाईला माहेरी पाठवीत नव्हते, तिला निदान वारीला नाही म्हणणे कठीण गेले. आणि जिला माहेर मुळातच नव्हते, तिची सोय झाली. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिलेल्या जनाबाईचे आईबाप लहानपणीच सुटले होते. तिने विठ्ठलाची विठाबाई केली आणि जात्याच्या दुसऱ्या बाजूला आणून बसवली. समोरचा खुंटा आता देवाने धरला.

एकनाथांचा हा अभंग राम फाटक यांच्या चालीत आणि भीमसेन जोशी यांच्या आवाजात महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. तो ऐकताना आम्हांला नेहमी एक विचार मनात येतो. कवी पुरुष, गायक पुरुष, आवाज भरदार आणि तानेचा. जात्यावरच्या चार स्वरांशी त्याचे वरवर पाहता काहीच नाते नाही. तरी ‘माहेर’ या शब्दावर स्वर टेकला, की श्रोत्यांत बसलेल्या साठी उलटलेल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. त्यांना पंढरी दिसते की आपल्या गावची वेस, हे कोणी विचारू नये.

मराठीपुरतेच हे घडले असेही नाही. लखनौचा नबाब वाजिद अली शाह याला १८५६ साली इंग्रजांनी राज्यावरून दूर केले आणि तो कलकत्त्याला गेला. नैहर सुटत असल्याच्या दुःखाची भैरवीतील प्रख्यात ठुमरी परंपरेने त्याच्या नावावर आहे. गमावलेल्या राजधानीसाठी नबाबाला उपमा सुचली ती सासरी निघालेल्या मुलीची. त्या ठुमरीतली चार कहारांनी उचललेली डोली ही तिरडीही आहे, हे ऐकणाराला सांगावे लागत नाही. पुढे १९३८ साली, त्याच कलकत्त्यात, न्यू थिएटर्सच्या ‘स्ट्रीट सिंगर’ या बोलपटात कुंदनलाल सैगल यांनी ती गायिली. गळ्यात पेटी अडकवून रस्त्याने चालत चालत, चित्रीकरण होत असतानाच त्यांनी ती प्रत्यक्ष गायिली, असे सांगतात. बायकांचे दुःख राजाने उसने घेतले, राजाचे गाणे बोलपटाने रस्त्यावर आणले. एका भावनेने किती घरे बदलावीत!

आपल्याकडे तबकडी आणि नभोवाणी आल्यावर ओवीची जागा भावगीताने घेतली. येथे सर्वांना आठवेल ती कृ. ब. निकुम्ब यांची वाऱ्याला उद्देशून केलेली कविता. कालिंदी केसकर यांच्या आवाजात ती घरोघर गेली. सासरची मुलगी वाऱ्याला माहेरच्या अंगणात पाठवते, मी सुखात आहे असे सांगायला बजावते आणि ते सांगतानाच तिचा धीर सुटतो. मेघाला दूत करणाऱ्या यक्षाची ही मराठी नात म्हणायला हरकत नाही. पण ओवीहून तिच्यात दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. ओवीला शेवट नव्हता. पायलीभर दळण संपेपर्यंत ती चालायची. तबकडीच्या एका बाजूवर तीनएक मिनिटे मावत; तेवढ्यात दुःखाला सुरुवात, चढ आणि शेवट असा आकार द्यावा लागला. दुसरे असे, की ओवी गाणारी तीच रचणारी होती. भावगीताची बाई ते ऐकणारी झाली. तिचे मन तिच्यापेक्षा चांगल्या शब्दांत कोणी तरी सांगू लागले. हा लाभ खरा, आणि तोटाही खराच.

चित्रपटाने हा तोटा कितपत भरून काढला? आमच्या पाहण्यातील सर्वांत समर्थ उदाहरण हिंदी आहे. बिमल रॉय यांच्या ‘बंदिनी’ (१९६३) या चित्रपटात बायकांच्या तुरुंगात एक कैदी जाते ओढता ओढता गाते. या वर्षी तरी श्रावणात भावाला न्यायला पाठवा, असे ती बापाला विनवते. शब्द शैलेंद्र यांचे, संगीत सचिन देव बर्मन यांचे, आवाज आशा भोसले यांचा. उत्तरेत श्रावणात लेकी माहेरी येतात आणि झुल्यावर झुलतात. आपल्याकडे नागपंचमीला मुराळी येतो, तीच ही चाल. गीतकाराने लोकगीताचा साचा जवळजवळ तसाच ठेवला आहे. वाद्यमेळही अगदी मोजका. मग नवे काय? नवी आहे ती जागा. तुरुंग! गाणाऱ्या बाईच्या मागे भिंत आहे, अंगावर कैद्याचे कपडे आहेत, आणि तिचे गाणे ऐकणाऱ्या बाकीच्या बायका काम करता करता स्तब्ध होतात. कॅमेरा एकेका चेहऱ्याकडे जातो. त्यांत कल्याणी आहे, नूतन यांनी रंगविलेली. तिचे वडील वारले आहेत. तिला न्यायला श्रावणात काय, कधीच कोणी येणार नाही.

सासर हा तुरुंग आहे, असे ओवीने शेकडो वेळा सुचविले असेल, पण सुचविलेच. चित्रपटाने एक शब्दही न वाढविता ते डोळ्यांपुढे मांडले. काव्याने भावनेला शब्द दिला, संगीताने श्वास दिला, आणि चित्रपटाने, तो अशा हातात असेल तर, त्या भावनेच्या भोवतालची भिंत दाखविली. गाणे पुरे झाल्यावर प्रेक्षक नुसता गहिवरत नाही. ही बाई येथे का आहे, असे त्याला विचारावेसे वाटते.

सगळेच चित्रपट असे नव्हेत, हे सांगायला नको. पुष्कळांना पाठवणीचाच मोह अधिक. सनई वाजते, बाप खांबाआड डोळे पुसतो, गाडी हलते. कॅमेऱ्याला घटना हवी असते आणि चाळीस वर्षांची वाट पाहणे ही काही घटना नव्हे. म्हणजे फिरून आपण कण्वापाशी आलो. १९९१ साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला. तो एका राजस्थानी चित्रपटावरून घेतलेला. सीमा ओलांडून ही भावना किती सहज जाते याचा तो आणखी एक पुरावा. अलका कुबल यांनी रंगविलेल्या त्या सोशिक सुनेसाठी महाराष्ट्रातील बायका थिएटरांत अक्षरशः लोटल्या आणि रडल्या. समीक्षकांनी नाके मुरडली. त्यांचे म्हणणे कलेच्या दृष्टीने खोटे नव्हते. पण आम्ही त्या हसण्यात सामील होऊ इच्छीत नाही. सवाष्णीच्या अखेरच्या प्रवासाला साडी माहेरची लागते, अशी रीत अनेक समाजांत आहे. त्या चित्रपटाच्या नावातच बायकांना हे सगळे ऐकू येत होते. शिवाय तोवर गावोगाव पिठाच्या गिरण्या होऊन घरची जाती अडगळीत गेली होती. जात्याने हाताचे कष्ट दिले होते आणि रडण्याची जागाही दिली होती. कष्ट गेले, ही उत्तम गोष्ट झाली. रडण्याची जागा मात्र बायकांनी अंधाऱ्या थिएटरात शोधली, याचे नवल वाटू नये.

आता एक अवघड प्रश्न. या सर्व गाण्यांनी बायकांचे दुःख हलके केले, की टिकविले?

बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) खानदेशातल्या आसोद्याच्या. दिल्या जळगावला, म्हणजे दोनतीन कोसांवर. लिहिणे वाचणे येत नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली आणि अनंत माने यांच्या ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटामुळे ती सर्वतोमुखी झाली. त्यांच्या माहेरावरील गाण्यात एक योगी त्यांना विचारतो, की माहेराचे एवढे गोडवे गातेस, तर सासरी आलीस कशाला? बहिणाबाई त्याला जे उत्तर देतात त्याचा आशय असा, की आई सासरी टिकून राहते तेव्हाच तिच्या लेकीला पुढे माहेर मिळते. माहेराचे सबंध तत्त्वज्ञान या उत्तरात आहे. माहेर कोठून येते? कोणाच्या तरी सासरपणातून येते. याहून खोल आणि याहून निरुत्तर करणारे उत्तर आम्हांला ठाऊक नाही. आणि नेमके म्हणूनच ते आम्हांला अस्वस्थ करते. एवढे सुंदर उत्तर मिळाल्यावर प्रश्न विचारणारा योगी गप्प होणार. पण प्रश्न चुकीचा होता काय?

याची व्यवहारातली बाजू पाहा. ओव्यांतली बहीण भावाजवळ काय मागते? चोळी, बांगडी, दिवाळीची ओवाळणी. वाटा मागत नाही. उलट वाटा नको, दारी येण्याची वाट मोकळी ठेव, असाच त्या ओव्यांचा सूर असतो. न बोलावता माहेरी गेलेल्या सतीची दक्षाच्या यज्ञात काय गत झाली, ही कथा ऐकून वाढलेल्या बायका त्या. भावजयीच्या कपाळावरची आठी त्यांना लांबूनच दिसे. पुढे काळ बदलला. १९९४ साली महाराष्ट्राने हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच सहदायाद केली. पण तोपर्यंत ज्यांची लग्ने झाली होती त्या मुलींना वगळले. म्हणजे जिला माहेर झालेले होते, तिलाच नेमका हक्क नव्हता! २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद काढला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो, दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा दिला.

कायदा असा स्पष्ट झाला, तरी तालुक्याच्या गावी हक्कसोडपत्रे होतच असतात. बहीण सही करते. तिला कोणी दटावलेलेच असते असे नाही. पुष्कळदा ती स्वखुशीने करते, आणि त्या स्वखुशीचे कारण विचारले तर सांगते, की माहेर तुटायला नको. सातबाऱ्यावरून नाव कमी होते आणि भाऊबीजेचे ताट राहते. ही सही करणाऱ्या हाताने कदाचित एकही ओवी गायिलेली नसेल, पण ती ओवी त्या हातात आहे. भावना ही केवळ मनातली वस्तू, कला ही केवळ फावल्या वेळेची, असे मानणाऱ्यांनी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एक दिवस बसून यावे.

यावरून ओव्यांना दोष द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. ओवी रचणाऱ्या बाईच्या हाती दुसरे काही नव्हते. मिळण्याजोगे जे होते ते तिने मागितले, आणि तेही गाऊन मागितले. आजच्या मुलीच्या हाती पुष्कळ काही आहे. तिला माहेरी जाण्यासाठी कारल्याला फूल येण्याची वाट पाहावी लागत नाही, आई रोज फोनवर दिसते, कित्येक घरांत तर म्हातारे आईबाप लेकीकडेच राहतात, म्हणजे माहेरच सासरी येऊन बसते. या नव्या अवस्थेची गाणी कोणती? ज्या मुलीने वाटा घेतला आणि त्यापायी जिचे भावाकडचे येणेजाणे थांबले, तिच्या मनाचा पीळ भरतमुनींच्या ४९ भावांत तर नाहीच, पण ओवीत नाही, अभंगात नाही, भावगीतातही नाही. ती बाई आपल्या आसपास आहे. तिचे गाणे आमच्या कानांवर अजून आलेले नाही.

जाते मात्र अजून वर्षाकाठी बाहेर निघते. लग्नघरी घाणा भरायचा असला की त्याला हळद लावतात, खुंट्याला सुपारी आणि हळकुंड बांधतात, आणि पाच सवाष्णी मिळून हळकुंडांवरून चार फेरे फिरवतात. कोणाला तरी एखादी ओवी येत असते, ती म्हणून होते. दुसरी कोणाला येते का, म्हणून बायका एकमेकींकडे पाहतात, तोवर मांडवातल्या कर्ण्यावर पाठवणीचे गाणे लागलेले असते, आणि नवरी ज्या घरात उभी असते, ते घर संध्याकाळपर्यंत तरी तिचे माहेर झालेले नसते.